‘नाही’ म्हणण्याची किंमत

न्यूयॉर्क शहर रोज साधारण 380 कोटी लिटर पाणी वापरतं. मुंबईला रोज मिळणारं पाणी 385 कोटी लिटरच्या आसपास आहे. दोन महानगरांची तहान जवळजवळ सारखी, आणि दोघांचंही बहुतेक पाणी येतं ते शहराबाहेरच्या डोंगरांतून, दुसऱ्यांच्या गावांतून. सारखेपणा इथं संपतो. न्यूयॉर्कला पाणी देणाऱ्या डोंगरातल्या शेतकऱ्याला शहर गोठा सुधारून देतं, ओढ्याकाठी कुंपण घालून देतं, आणि तो पैसा कसा खर्च व्हावा हे ठरवणाऱ्या मंडळावर शेतकरीच बसतात. मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यात मात्र तानसा आहे, मोडक सागर आहे, भातसा आहे, आणि एप्रिल-मे उजाडला की त्याच तालुक्यातले कित्येक पाडे टँकरची वाट बघतात.

जंगल पाऊस मुरवतं, माती धरून ठेवतं, गाळ अडवतं, कार्बन साठवतं. हे सगळं आपोआप आणि फुकट होतं असं आपण धरून चालतो. पण जंगल राखणारा माणूस त्यासाठी काही ना काही सोडत असतो: एखादं शेत, गुरांची चराई, बाजारात विकता आली असती अशी लाकडं. मग ज्यांना फायदा होतो त्यांनी राखणाऱ्याला पैसे द्यावेत, म्हणजे जंगलही टिकेल आणि माणूसही जगेल. ‘परिसंस्था सेवांचा मोबदला’ या नावानं गेली तीस वर्षं जगभर फिरणारी कल्पना एवढीच आहे. ऐकायला चोख हिशेब वाटतो. प्रश्न उरतो तो मोबदल्याच्या आकड्याचा, आणि तो आकडा कोणाच्या हातात पडतो याचा. निसर्गाची सेवा मोजून हा आकडा निघतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी ठरतो समोरच्याला ‘नाही’ म्हणता येतं की नाही, यावर.

शहर का नमलं?

कॅट्सकिल डोंगर न्यूयॉर्कच्या वायव्येला आहेत. तिथलं आणि डेलावेअर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं पाणी दोनशे किलोमीटरपर्यंतचा प्रवास करून शहरात येतं. शहराच्या गरजेपैकी 90 टक्क्यांहून अधिक पाणी इथलं, आणि ते गाळणी प्रकल्पातून न जाता, केवळ निर्जंतुक करून नळाला सोडलं जातं.

या डोंगरांचा आणि शहराचा संबंध मात्र गोडीनं सुरू झाला नव्हता. 1905 मध्ये राज्यानं कायदा करून शहराला इथली जमीन सक्तीनं घेण्याचा अधिकार दिला. अशोकन जलाशयासाठी गावं उठवली गेली, सुमारे दोन हजार माणसं विस्थापित झाली, कबरी उकरून मृतदेह दुसरीकडे हलवले गेले. पुढे डेलावेअरच्या खोऱ्यातही जलाशय झाले आणि हा क्रम 1960 च्या दशकापर्यंत चालू राहिला. आजोबांची जमीन शहरानं कशी घेतली, हे नातवंडं ऐकतच मोठी झाली.

1989 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं नियम केला: नद्या-तलावांचं पाणी पुरवायचं असेल तर ते गाळलंच पाहिजे, पाणलोट क्षेत्राची राखण नीट होते हे सिद्ध केलं तरच सूट मिळेल. गाळणी प्रकल्पाचा अंदाज होता 6 ते 8 अब्ज डॉलर, शिवाय दरवर्षीचा चालवण्याचा खर्च वेगळा. शहरानं सोपा वाटणारा मार्ग धरला. 1990 मध्ये पाणलोटासाठी कडक नियमांचा मसुदा काढला. ओढ्यापासून अमुक अंतरात शेणखत टाकायचं नाही, तमुक अंतरात बांधकाम करायचं नाही. हे नियम लागू झाले असते तर छोट्या दूध उत्पादकांचा धंदाच बसला असता. डोंगर पेटून उठला. गावांनी 1991 मध्ये एकत्र येऊन संघटना उभी केली आणि कोर्टकचेऱ्यांची तयारी ठेवली. तेव्हा शहराच्या पर्यावरण खात्याचे आयुक्त असलेले अल्बर्ट ॲपल्टन यांच्या काळात शेतकऱ्यांशी बोलणी सुरू झाली आणि शेतीपुरता तोडगा निघाला. पुढे राज्याच्या गव्हर्नरांनी मध्यस्थी केली आणि जानेवारी 1997 मध्ये सर्व पक्षांचा करार झाला.

त्या करारातली कलमं बारकाईनं वाचण्यासारखी आहेत. शहर जमीन घेईल, पण विकायला तयार असलेल्याकडूनच. सक्तीचं संपादन नाही. घेतलेल्या जमिनीवरचा मालमत्ता कर शहर स्थानिक गावांना भरत राहील. विकासनिधी सांभाळणारं महामंडळ स्थानिक लोकांच्या बहुमताचं असेल. शेतीची योजना शेतकऱ्यांच्याच परिषदेकडे राहील. भाग घेणं ऐच्छिक, पण पाच वर्षांत 85 टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत. तेवढे झालेही.

ही योजना शेतावर कशी दिसते? क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा पोटाचा विकार करणारा परजीवी लहान वासरांच्या शेणातून जास्त पसरतो, म्हणून वासरांचा गोठा ओढ्यापासून लांब, कोरड्या जागी बांधायचा. गोठ्यासमोरचं अंगण पक्कं करायचं, म्हणजे पावसात शेणकाला वाहून जाणार नाही. गाईंना ओढा ओलांडायला छोटा पूल द्यायचा, पाणी पिण्यासाठी वर टाकी बसवायची आणि काठाला कुंपण घालून झाडं लावायची. कोणत्या शेतावर आधी काय करायचं, हे शेतकरी आणि तज्ज्ञ मिळून ठरवतात आणि खर्च शहर उचलतं.

कॅट्सकिलची गोष्ट ‘निसर्ग राखणं यंत्रापेक्षा स्वस्त पडतं’ याचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. ते खरंच आहे. पण शहराला तेवढं शहाणपण आधी का सुचलं नाही? 1905 पासून जमीन बळानं घेता येत होती, म्हणून. 1990 नंतर शेतकऱ्यांकडे जमिनीचा कागद होता, मत होतं, संघटना होती, वकील होते. आणि शहराच्या डोक्यावर नियमाची तलवार होती. बोलणी झाली ती या ताकदीमुळे.

दोन टोकांमधला भाव

स्वेन वुंडर या अर्थशास्त्रज्ञानं 2005 मध्ये या मोबदल्याची व्याख्या केली, ती आजही सगळीकडे उद्धृत होते. थोडक्यात ती अशी: व्यवहार ऐच्छिक हवा, सेवा नेमकी ठरलेली हवी, निदान एक घेणारा आणि एक देणारा हवा, आणि सेवा मिळाली तरच पैसे द्यायचे. व्याख्या नेटकी आहे. पण भाव किती, याबद्दल ती काहीच बोलत नाही.

भावाला दोन टोकं असतात. खालचं टोक म्हणजे राखणाऱ्याचं नुकसान: जंगल तोडून मका किंवा चराऊ कुरण केलं असतं तर जे हाती आलं असतं ते. वरचं टोक म्हणजे घेणाऱ्याचा फायदा: वाचलेला गाळणी प्रकल्प, वातावरणात न गेलेला कार्बन. या दोन टोकांच्या मधे कुठंही भाव ठरला तरी दोघांचाही फायदाच होतो. पण ठरतो तो बहुधा खालच्या टोकाशी. आपल्याकडे कांद्याचं होतं तेच इथं होतं. ज्याच्याकडे चाळ आहे तो भाव येईपर्यंत थांबतो. ज्याच्या दारात सोसायटीचा वसुलीवाला उभा आहे तो पडेल त्या भावानं मोकळा होतो. कांदा दोघांचा सारखाच असतो.

युगांडात 2011 ते 2013 या काळात झालेला एक प्रयोग इथं उपयोगी पडतो. पश्चिमेकडच्या होइमा आणि किबाले जिल्ह्यांतली 121 गावं निवडली गेली. सोडत काढून त्यांतल्या 60 गावांमधल्या खासगी जंगलमालकांना सांगितलं, की झाडं तोडली नाहीत तर हेक्टरी वर्षाला 70,000 युगांडन शिलिंग, म्हणजे तेव्हाचे 28 डॉलर, मिळतील. उरलेल्या गावांना असं काही सांगितलं नाही. दोन वर्षांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजलं तेव्हा पैसे न मिळालेल्या गावांत झाडोरा 9.1 टक्क्यांनी घटला होता आणि पैसे मिळालेल्या गावांत 4.2 टक्क्यांनी. सीमा जयचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. मोबदल्यानं जंगल वाचतं याचा इतका काटेकोर पुरावा त्याआधी क्वचितच मिळाला होता.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा आहे. लांबणीवर पडलेल्या कार्बन उत्सर्जनामुळे जगाचा जो फायदा झाला, तो योजनेच्या खर्चाच्या 2.4 पट भरला. धोरणकर्त्यांना यात काटकसर दिसते, आणि ती आहेच. पण हा वरचा फायदा गेला कुठे? तो सगळ्या जगात वाटला गेला. झाड उभं ठेवणाऱ्याच्या वाट्याला खालच्या टोकाचा भाव आला. तो स्वस्तात तयार झाला, कारण त्याचं झाड आणि त्याचा दिवस दोन्ही बाजारात स्वस्त होते. ‘सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त जंगल’ हे सूत्र निमूटपणे पाळलं, तर मोबदला नेहमी गरिबांच्या दारी जाईल आणि तो कमीच असेल.

कागद ज्याच्या नावावर

भाव ठरला तरी पैसे कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतो. कोस्टा रिकानं तो देशपातळीवर पहिल्यांदा हाताळला. या छोट्या देशात 1940 च्या दशकात सुमारे तीन चतुर्थांश भूभागावर जंगल होतं. 1980 च्या दशकात ते एक चतुर्थांशाच्या आसपास आलं. गुरांसाठी कुरणं करायला सरकारच कर्ज देत होतं. 1996 च्या वनकायद्यानं जंगल मोडून जमीन दुसऱ्या कामाला लावायला बंदी घातली आणि त्याच कायद्यानं मोबदल्याची सोयही केली. पैसा आला इंधनावरच्या करातून. त्यातले साडेतीन टक्के जंगल राखणाऱ्यांसाठी ठेवले गेले. कार्बन, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य अशा चार सेवा कायद्यातच नोंदल्या गेल्या. आज देशाच्या निम्म्याहून अधिक भागावर पुन्हा जंगल आहे. त्याचं सगळं श्रेय मोबदल्याचं नाही. तोडबंदीचा आणि मांसाच्या पडलेल्या बाजाराचाही त्यात वाटा आहे.

कायद्यानं आधीच बंदी घातलेली असताना ती पाळण्याचे पैसे का द्यायचे? कारण जमीनमालक ताकदवान होते. नुसती बंदी त्यांनी चालू दिली नसती. मोबदला ही बंदी गळी उतरवण्याची किंमत होती.

सुरुवातीच्या वर्षांत अर्जासोबत जमिनीचा निर्विवाद मालकी दस्त लागे, मोजणीचा नकाशा लागे, परवानाधारक वनअभियंत्यानं तयार केलेला आराखडा लागे. पाच हेक्टरवाल्याला आणि दोनशे हेक्टरवाल्याला या कागदपत्रांचा खर्च फारसा वेगळा येत नाही. त्यामुळे पैसा मोठ्या मालकांकडे आणि शहरात राहून जंगल बाळगणाऱ्यांकडे जास्त गेला. टीका झाली तशा अटी बदलल्या: दस्ताची सक्ती सैल झाली, मागास तालुक्यांना आणि पन्नास हेक्टरांखालच्या मालकांना प्राधान्य मिळालं, आदिवासी क्षेत्रांना वेगळी आणि मोठी मर्यादा मिळाली. इक्वेडोरनं 2008 मध्ये ‘सोसियो बोस्के’ योजना आणली तेव्हा दरातच उतरंड ठेवली: पहिल्या पन्नास हेक्टरांना हेक्टरी 30 डॉलर, त्यापुढच्या प्रत्येक टप्प्याला कमी. म्हणजे अन्याय अटळ नसतो. तो अर्जाच्या नमुन्यात लपलेला असतो आणि तिथंच दुरुस्तही करता येतो. पण ज्याच्या नावावर कागदच नाही, त्याला ही दुरुस्तीही पुरत नाही.

भूमिहीनाचा वाटा

हा पेच भारतातल्या एका गावानं 1970 च्या दशकातच सोडवून दाखवला होता, या विषयाला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी. चंदीगडची शान असलेलं सुखना सरोवर 1958 मध्ये बांधलं गेलं आणि बघता बघता गाळानं भरू लागलं. हा गाळ शिवालिकच्या उघड्या टेकड्यांवरून येत होता. मृद्संधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा त्याचा माग काढत हरियाणातल्या सुखोमाजरी या गावाशी पोचले. टेकड्यांवर शेळ्या-गुरं चरत होती, माती सुटत होती. चराई थांबवा म्हणणं सोपं होतं. खायचं काय, हा गावाचा प्रश्न होता. मग मातीचे छोटे बांध घातले गेले आणि पावसाचं पाणी शेतीला मिळू लागलं. बदल्यात टेकडीवर चराई बंद.

लगेच पेच उभा राहिला. पाणी शेताला मिळणार, म्हणजे शेत असलेल्याला मिळणार. ज्याच्याकडे शेतच नाही, फक्त शेळ्या आहेत, त्यानं टेकडी का सोडावी? तोडगा निघाला तो असा: पाण्यावर हक्क जमिनीचा नाही, घराचा. गावातल्या प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा. भूमिहीनानं आपला वाटा दुसऱ्याला विकावा किंवा कुणाचं शेत बटाईनं करून वापरावा. भूमिहीनांनी शेळ्या हलवल्या नसत्या तर सगळी योजनाच कोसळली असती. म्हणजे त्यांच्याकडेही ‘नाही’ होतं, आणि ते ओळखून त्यांना बरोबरीचा वाटा मिळाला. टेकड्या हिरव्या झाल्या, भाबर गवत वाढलं, शेळ्यांची जागा म्हशींनी घेतली, आणि सुखना सरोवरात या बाजूनं येणारा गाळ 90 टक्क्यांहून अधिक घटला.

मग गवतातून गावाच्या सोसायटीला उत्पन्न होऊ लागलं. वनजमीन सरकारची, म्हणून वनखात्यानं त्यात आपला हिस्सा धरला. पुढे सोसायटीवर आयकरही आकारला गेला. ज्यांच्या राखणीमुळे शहराचा गाळ उपसण्याचा खर्च वाचला, त्यांनाच देणेकरी ठरवण्याचा हा प्रकार होता. पाण्याच्या वाट्याची मूळ व्यवस्थाही पुढे तशीच टिकली नाही. गावाकडे पाण्याचा हक्क होता, टेकडीचा नव्हता. दुखणं तिथं होतं.

विकणाऱ्याला न विचारता झालेली विक्री

खाण, धरण किंवा रस्त्यासाठी वनजमीन दिली जाते तेव्हा भारतात त्या जंगलाची किंमत वसूल होते. सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात 2002 मध्ये हे तत्त्व लागू केलं. दर ठरवायला अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 2008 मध्ये न्यायालयानं जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे दर मान्य केले. या किमतीत लाकूड आणि कार्बन आहे, तसंच सरपण, चारा आणि गौण वनोपजही आहे. म्हणजे जंगलालगतच्या माणसाचा मोह, डिंक, तेंदूपत्ता या हिशेबात धरलेला आहे.

हा पैसा साचत गेला. 2016 मध्ये त्यासाठी प्रतिपूरक वनीकरण निधीचा कायदा झाला, आणि ऑगस्ट 2019 मध्ये केंद्रानं एकाच वेळी 47,436 कोटी रुपये राज्यांना वळते केले. खर्च करणार मुख्यतः वनखातं. ज्या ग्रामसभेचं सरपण, चारा आणि मोह गेला, तिच्या खात्यावर त्या वस्तूंची किंमत येत नाही. उलट, तिच्याच गायरानावर किंवा कसत असलेल्या जमिनीवर सागाची रोपं लावली गेल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या आहेत. राज्यांना केंद्रीय करांचा वाटा देतानाही जंगलाचा विचार होतो: चौदाव्या वित्त आयोगानं वनाच्छादनाला 7.5 टक्के भारांक दिला, पंधराव्यानं वन आणि पर्यावरणाला 10 टक्के. पाऊल चांगलं आहे, पण पैसा राज्याच्या तिजोरीत पोचतो आणि गावाचा रस्ता तिथून पुढे आखलेला नाही.

आधी हक्क, मग भाव

मग शहापूरला कॅट्सकिलसारखा करार का होत नाही? पैशांची अडचण नाही. मुंबईच्या पाण्यावर हजार लिटरमागे दहा पैसे जरी पाणलोटातल्या गावांसाठी बाजूला काढले, तर रोजचे 3 लाख 85 हजार आणि वर्षाचे 14 कोटी रुपये होतात. अडचण अशी, की शहराला विचारावंच लागत नाही. तानसा धरण 1892 चं, मोडक सागर 1957 चं. पाणी आधीच अडवलेलं आहे, जलवाहिन्या टाकलेल्या आहेत. आणि उद्या पैसे द्यायचं ठरलं तरी कोणाला? कागदावर जंगल वनखात्याचं. कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबांच्या नावावर दाखवायला अनेकदा घराखालची जागाही नसते. मालकी बघून वाटप केलं तर मोबदला एका सरकारी खात्यातून दुसऱ्या सरकारी खात्यात जाईल.

म्हणून गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा क्रम महत्त्वाचा वाटतो. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गोंड गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनखातं बांबूचा वाहतूक परवाना द्यायला तयार नव्हतं. बांबू गौण वनोपज आहे असं कायदा स्पष्ट सांगत असूनही गावाला भांडावं लागलं. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर ग्रामसभेनं स्वतः निविदा काढून बांबू विकला. किती तोडायचा, किती राखायचा, कोणाला विकायचा आणि भाव पटला नाही तर कोणाला परत पाठवायचं, हे ती ठरवू लागली. ही मोबदल्याची योजना नव्हती. पण मोबदला न्याय्य होण्यासाठी जी पूर्वअट लागते ती इथं पुरी झाली होती.

छोट्या रकमेचा करारही अशा पायावर उभा राहू शकतो. हिमाचलमध्ये पालमपूरच्या नगर परिषदेनं 2010 मध्ये बोहल झऱ्याचं पाणलोट राखणाऱ्या गावांच्या समितीशी करार केला आणि वर्षाला 10,000 रुपये देऊ केले. रक्कम नाममात्र आहे. पण शहरानं लेखी कबूल केलं की झरा वाहतो तो कोणामुळे, आणि उद्या रक्कम वाढवून मागायला गावाजवळ कागद आहे.

आता कार्बन क्रेडिटचे करार घेऊन कंपन्या आणि मध्यस्थ शेतकऱ्यांच्या, ग्रामसभांच्या दारी येऊ लागले आहेत. त्यांच्याशी बोलताना हेक्टरी किती मिळणार, हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावं: करार मराठीत किंवा आमच्या बोलीत आहे का? किती वर्षांचा आहे, आणि मधे बाहेर पडलो तर दंड किती? वणवा लागला तर नुकसान कोणाचं? मोजणार कोण, आणि ती मोजणी आम्हाला तपासता येईल का? तुम्ही पुढे हे क्रेडिट कितीला विकणार? जंगलावर जगणाऱ्या पण नावावर काही नसलेल्या घरांचा वाटा कुठल्या कलमात आहे? आम्ही सही केली नाही तर काय होईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच होणार नाही, तुमचं जंगल तुमच्याकडे राहील’ असं असेल, तर तो खराच सौदा आहे आणि भावाची घासाघीस करायला हरकत नाही. ‘सही केली नाही तरी हे होणारच आहे’ असं उत्तर आलं, तर दर कितीही वाढवून दिला तरी तो मोबदला नव्हे. अशा वेळी ग्रामसभेनं दराची चर्चा थांबवून हक्काचा दावा दाखल करावा.